गरम शाफ्ट, थंड डोके

पुढे वाचण्यापूर्वी तुमच्या कंपासपेटीतली पट्टी हातात घ्या. तिच्यावरचे सगळ्यांत लहान घर पाहा. ते घर म्हणजे एक मिलिमीटर. टोकदार पेन्सिलीने त्याचे दोन सारखे भाग करून पाहा. जमले? आता दहा करा बरे! पेन्सिलीचे टोकच त्या भागापेक्षा जाड आहे, असे तुमच्या लक्षात येईल. आणि जर तुम्हाला कोणी सांगितले, की याच घराचे हजार भाग करा आणि त्यांतले सोळा मोजून द्या, तर? तुम्ही म्हणाल, "काहीतरीच काय सांगता!"

पण पुण्याच्या आसपास रोज सकाळी डबा घेऊन पहिल्या पाळीला निघणारी हजारो माणसे नेमके हेच काम करतात. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाला मायक्रॉन म्हणतात. आपल्या डोक्यावरचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे १६ मायक्रॉन हा केसाच्या जाडीचा चौथा-पाचवा हिस्सा झाला. तेवढ्या चुकीने लोखंडाचा चांगला तुकडा भंगारात जातो.

हे काम करण्याची रीत गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत पार बदलून गेली. पूर्वी जे हाताने होई, ते आता संगणक करतो. मग माणसाचे काय? त्याने नवे काय शिकायचे, आणि जुन्यातले काय जपून ठेवायचे? हा प्रश्न आज कारखान्यातल्या माणसांपुढे आहे. उद्या तुम्ही शेतकरी व्हा, डॉक्टर व्हा की हिशेबनीस व्हा, तो तुमच्यापुढेही येणार आहे. म्हणून आज आपण तो जरा जवळ जाऊन पाहू.

कानाने चालणारे यंत्र

पुण्याहून नाशिकच्या रस्त्याने निघाले, की भोसरी लागते. पुण्याला कारखाने नवे नाहीत. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ मधला. स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी, १९४६ मध्ये, किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि १९६६ मध्ये टेल्कोने पुण्यात कारखान्याचा पाया घातला. मोठ्या कारखान्यांना लागणारे लहानसहान भाग बनवणारी वर्कशॉप मग भोसरी, चिंचवड, आकुर्डी भागात उभी राहिली. अशाच एका वर्कशॉपमध्ये आज आपण मनाने शिरणार आहोत. तिथले काका आणि ताई तुम्हाला कोणत्या एका पत्त्यावर सापडणार नाहीत. पण त्यांच्यासारखी माणसे त्या रस्त्यांवर पावलोपावली भेटतील.

दारातून आत शिरताच कूलंटचा आणि तेलाचा एक विशिष्ट वास येतो. कोपऱ्यात एक जुना लेथ उभा आहे. कुंभाराचे चाक तुम्ही पाहिले असेल. चाकावर माती फिरते आणि कुंभाराचा हात तिला आकार देतो. लेथची युक्ती तीच. फक्त मातीच्या जागी पोलादाचा गोल तुकडा असतो आणि हाताच्या जागी त्याहून कठीण धातूचे टूल. फिरणाऱ्या तुकड्याला कारखान्यात 'जॉब' म्हणतात. जॉबला घट्ट धरून फिरवतो तो चक. टूल जॉबला टेकले, की बटाट्याची साल निघावी तसा धातूचा पापुद्रा निघत जातो.

जॉब किती वेगाने फिरवायचा? इथे तुमची भूमिती उपयोगी पडते. जॉबचा व्यास ५० मि.मी. असेल, तर त्याचा परीघ ३.१४ × ५०, म्हणजे १५७ मि.मी. एका फेरीत तेवढा धातू टूलसमोरून जातो. हायस्पीड स्टीलचे टूल असेल, तर मऊ पोलाद मिनिटाला साधारण ३० मीटर या वेगाने कापावे, असा अंदाज असतो. ३० मीटर म्हणजे ३०,००० मि.मी. त्याला १५७ ने भागा. उत्तर येईल सुमारे १९१. म्हणजे मिनिटाला सुमारे १९० फेऱ्या. व्यास निम्मा झाला, तर फेऱ्या दुप्पट कराव्या लागतील.

काकांनी पंचवीस वर्षे या लेथवर काढली. ते काही दर वेळी कागद-पेन्सिल घेऊन बसत नसत. त्यांचा हिशेब कानात होता. टूल नीट कापत असले, की लेथ एका सुरात गुणगुणतो. टूल बोथट झाले, की तो किरकिरू लागतो. आणि त्यांचा आणखी एक हिशेब डोळ्यांत होता. निघणारी चिप कोणत्या रंगाची आहे, ते पाहायचे! पोलाद तापले, की त्याच्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर चढतो. सुमारे २३० अंश सेल्सिअसला तो गवतासारखा पिवळसर दिसतो आणि ३०० अंशांच्या आसपास निळा. ओल्या रस्त्यावर सांडलेल्या तेलात जे रंग दिसतात, त्यांच्यासारखेच हे रंग. थराची जाडी बदलली, की रंग बदलतो. निळी चिप दिसली, की काका समजत, उष्णता वाढली. आता वेग उतरवायचा. पदवी नसलेल्या माणसाच्या डोळ्यांत एक तापमापकच बसवलेला होता म्हणा ना!

तिघांचे काम एका फितीला

आता थोडा वेळ आपण अमेरिकेत जाऊ, कारण काकांचे यंत्र ज्याने बदलले, त्या कल्पनेचा उगम तिथे झाला. मिशिगन राज्यात जॉन पार्सन्स नावाचे एक उद्योजक हेलिकॉप्टरच्या पंखांची पाती बनवत. पात्याची वक्र कड अचूक हवी. त्यासाठी त्यांनी वक्रावरचे पुष्कळ बिंदू गणिताने काढले आणि त्यांचा तक्ता केला. मग यंत्राजवळ तीन माणसे उभी राहत. एक जण तक्त्यातले आकडे मोठ्याने वाची, दुसरा यंत्राचे एक चाक तेवढे फिरवी आणि तिसरा दुसरे चाक.

पार्सन्स यांच्या मनात आले, आकडे माणसांना वाचून दाखवण्यापेक्षा सरळ यंत्राच्या मोटरींनाच दिले तर? अमेरिकन हवाई दलाने १९४९ मध्ये या कामासाठी पैसे दिले. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेतल्या अभियंत्यांनी ते तडीस नेले आणि १९५२ मध्ये असे यंत्र लोकांसमोर चालवून दाखवले. त्याला हुकूम मिळत ते भोके पाडलेल्या कागदी फितीवरून. पुढे १९७१ मध्ये पहिला व्यापारी मायक्रोप्रोसेसर निघाला, संगणक लहान आणि स्वस्त होत गेले, आणि फितीची जागा यंत्राच्या पोटातल्या संगणकाने घेतली. हेच ते सी.एन.सी. यंत्र.

पुण्याच्या मोठ्या कारखान्यांत ही यंत्रे आधी आली. लहान वर्कशॉपांत ती यायला बरीच वर्षे लागली. १९९१ नंतर परदेशी वाहन कंपन्या पुण्याच्या आसपास येऊ लागल्या. शेकडो भाग, सगळे अगदी एकसारखे, अशी मागणी वाढली. ती हाताच्या लेथवर भागेना. आणि एके दिवशी काकांच्या वर्कशॉपसमोर क्रेन उभी राहिली.

एका टिंबाची किंमत

नव्या यंत्राला ना फिरवायची चाके, ना उघडा जॉब. काचेचे दार, आत टूलांचे गोल टरेट आणि बाजूला पडदा नि बटणे. काकांना पहिल्या दिवशी काय वाटले असेल? ज्या हातांनी पंचवीस वर्षे नाव कमावले, त्या हातांना आता कामच नाही!

यंत्राबरोबर ताई आली. ती औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून, म्हणजे आय.टी.आय.मधून शिकून आलेली. (आय.टी.आय.मध्ये ज्या योजनेखाली कारागिरांना शिकवतात, ती १९५० मध्ये सुरू झाली. शिकाऊ उमेदवारांना कारखान्यात घेण्याचा कायदा १९६१ चा.) कारखान्यात मुलगी, याचेही काहींना नवल वाटले. पण पुण्याला हे दृश्य अगदीच नवे नव्हे. १९७४ मध्ये टेल्कोच्या एका जाहिरातीत मुलींनी अर्ज करू नयेत असे छापलेले पाहून सुधा कुलकर्णी या तरुण विद्यार्थिनीने थेट जे. आर. डी. टाटा यांना पोस्टकार्ड लिहिले आणि पुढे पुण्यात टेल्कोमध्ये त्या अभियंता म्हणून रुजू झाल्या. त्याच पुढे लेखिका सुधा मूर्ती म्हणून सर्वांना माहीत झाल्या.

ताईने काकांना यंत्राची भाषा शिकवायला घेतली. ती तुम्हालाही सहज कळेल, कारण ती म्हणजे तुमचा आलेख कागदच आहे. जॉबच्या लांबीच्या दिशेला झेड अक्ष म्हणायचे आणि व्यासाच्या दिशेला एक्स. आता हे दोन हुकूम पाहा:

जी०० एक्स५०.० झेड२.०
जी०१ झेड-८०.० एफ०.२

पहिल्या ओळीचा अर्थ असा: कापू नकोस, नुसते झटकन तिथे जा, जिथे व्यास ५० मि.मी. येईल आणि टूल जॉबच्या तोंडापासून २ मि.मी. अलीकडे असेल. दुसरीचा अर्थ: आता सरळ रेषेत कापत ८० मि.मी. आत जा, आणि जॉबच्या दर फेरीला ०.२ मि.मी. पुढे सरक. झाले! मिनिटाला ९५५ फेऱ्या असतील, तर हे काम साधारण २६ सेकंदांत उरकते. कसे, ते तुम्हीच गणित करून पाहा.

काका रात्री घरी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर असे हुकूम लिहून सराव करत. आपल्या मुलीपेक्षा लहान पोरीला प्रश्न विचारायचा संकोच वाटे. पण ते विचारत. एकदा त्यांनी यंत्रावर 'एक्स५०' एवढेच टाकले आणि पुढचे टिंब विसरले. ताईने यंत्र सुरू करण्याआधी पडद्यावर टूलची वाट काढून पाहिली आणि एकदम म्हणाली, "काका, थांबा! टिंब राहिलं!"

"अगं, एका टिंबानं काय होतंय?"

"टिंब नसलं, तर आपलं हे यंत्र ५० मिलिमीटर समजत नाही, ५० मायक्रॉन समजतं. टूल थेट जॉबच्या मध्यापर्यंत घुसलं असतं की!"

सगळ्याच यंत्रांवर असे होते असे नाही, पण पुष्कळांवर होते. हाताचा लेथ चालवताना माणसाला टूल कुठे चालले, ते दिसते. चूक होऊ लागली, तर हात आपोआप थांबतो. सी.एन.सी. यंत्र मात्र सांगितलेले ऐकते, मनातले ऐकत नाही. परीक्षेत दशांशचिन्ह चुकले, तर एक गुण जातो. इथे लाखो रुपयांचे यंत्र जाते.

यंत्राला न कळणारा शून्य

आणखी एक मजा पाहा. काका चिपचा रंग पाहून वेग बदलत. नव्या यंत्राला सांगता येते, की व्यास बदलला, तरी कापण्याचा वेग तोच ठेव, फेऱ्या तू आपल्या आपण कमीजास्त कर. किती सोय झाली! पण आता जॉबचे तोंड साफ करायचे आहे असे समजा. त्यासाठी टूल कडेकडून मध्याकडे जाते. म्हणजे टूलजवळचा व्यास ५० वरून कमी कमी होत शून्याकडे चालला. कार्बाइडचे टूल आहे आणि वेग मिनिटाला १५० मीटर ठेवला आहे. व्यास ५० असताना सुमारे ९५५ फेऱ्या लागतात. व्यास १० झाला, की सुमारे ४,८००. व्यास १ मि.मी. झाला, की सुमारे ४८,०००! आणि अगदी मध्यावर? तिथे शून्याने भागायची वेळ येते.

शून्याने भागू नये, असे गणिताच्या बाई वर्गात सांगतात, तेव्हा आपल्याला तो नुसता नियम वाटतो. इथे तो जिवाचा प्रश्न आहे. फेऱ्या बेसुमार वाढल्या, तर चकचे जबडे बाहेरच्या बाजूला ओढले जातात, पकड सैल होते आणि जॉब सुटून गोळीसारखा उडू शकतो. म्हणून प्रोग्रॅमच्या सुरुवातीलाच माणूस लिहून ठेवतो, की काही झाले तरी अमुक इतक्या फेऱ्यांपलीकडे जायचे नाही. ती मर्यादा किती, हे त्या चकवरून, त्या जॉबवरून, किती घट्ट धरले आहे त्यावरून ठरवायचे. यंत्र भागाकार करते. भागाकार कुठे थांबवायचा, ते माणसाने ठरवावे लागते.

सगळे बरोबर, तरी उत्तर चूक

आता ज्या प्रसंगासाठी मी तुम्हाला इथवर आणले, तो ऐका. एका पंपाच्या शाफ्टचे काम आले होते. शाफ्टवर बेअरिंग बसायचे. ड्रॉइंगमध्ये लिहिले होते, व्यास ५०.००० मि.मी.; त्याहून मोठा मुळीच नको आणि लहान असला, तर फार तर १६ मायक्रॉनने. म्हणजे ५०.००० पासून ४९.९८४ पर्यंत चालेल.

ताईने प्रोग्रॅम लावला. पहिला शाफ्ट बाहेर आला. तिने लगेच डिजिटल मायक्रोमीटरने मोजला. ४९.९९२! अगदी मधोमध. तिने पाळी चालू ठेवली. दर शाफ्ट बाहेर येताच ती मोजी आणि दर शाफ्ट ४९.९९२ च्या जवळपास भरे. अकरा शाफ्ट झाले. तेवढ्यात काका आले. त्यांनी यंत्राकडे पाहिलेच नाही. ताज्या शाफ्टवर हात ठेवला आणि विचारले, "कूलंट नीट पडतंय का गं?"

कूलंटची नळी जरा सरकली होती. धार टूलवर न पडता बाजूला पडत होती.

"पण माप तर बरोबर येतंय काका."

"जॉब गरम आहे. अर्धा तास टेबलावर ठेव आणि मग मोज."

अर्ध्या तासाने तोच पहिला शाफ्ट भरला ४९.९८०. मर्यादेपेक्षा चार मायक्रॉन बारीक! ताईला घाम फुटला. प्रोग्रॅम बरोबर, यंत्र बरोबर, मायक्रोमीटरही बरोबर. तरी उत्तर चूक कसे?

मित्रांनो, उत्तर तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे. धातू तापला, की प्रसरण पावतो. पोलादाची लांबी दर अंश सेल्सिअसला मूळ लांबीच्या सुमारे ०.००००११५ पट वाढते. शाफ्ट त्या वेळी खोलीपेक्षा साधारण २० अंशांनी जास्त तापलेला होता. मग करा गुणाकार: ५० × २० × ०.००००११५. उत्तर ०.०११५ मि.मी., म्हणजे जवळजवळ १२ मायक्रॉन. ४९.९९२ मधून ते वजा करा. आले की नाही ४९.९८०? जगभर मापांसाठी २० अंश सेल्सिअस हे प्रमाण तापमान ठरवले आहे, ते उगाच नव्हे.

आणि हे लक्षात घ्या, व्यास जास्त राहिला असता, तर पुन्हा थोडे कापता आले असते. पण कमी झालेला व्यास वाढवून कसा आणणार? कापलेले परत चिकटत नाही.

आता ताईपुढे दोन वाटा होत्या. अकरा शाफ्ट चांगल्या शाफ्टांच्या ट्रेमध्ये मिसळून द्यायचे, की सांगून टाकायचे? चार मायक्रॉन कोणाच्या डोळ्यांना दिसणार होते? पण असा शाफ्ट बेअरिंगमध्ये सैल बसतो. पंप चालू झाला, की बेअरिंगची आतली कडी शाफ्टवर घसरते, घासते, तापते, आणि कोणा शेतकऱ्याचा पंप ऐन उन्हाळ्यात बंद पडतो. ताईने अकराही शाफ्टांवर लाल खूण केली, ते वेगळे ठेवले आणि स्वतः जाऊन सुपरवायझरला सांगितले. बोलणी खावी लागली का? लागली असतील. पण त्या दिवसापासून वर्कशॉपमध्ये एक नियम झाला: पहिला जॉब थंड झाल्यावर मोजायचा, मगच पाळी चालू करायची.

काकांना प्रसरणाचा गुणांक पाठ नव्हता. त्यांना अनुभव होता. ताईला गुणांक शाळेपासून पाठ होता, पण तो या शाफ्टला लावायचा, हे सुचले नव्हते. ताईने मग काकांना तो हिशेब मांडून दाखवला. काका म्हणाले, "अस्सं! म्हणजे माझा हात बरोबरच सांगत होता. पण किती, ते आज कळलं." टिंबाच्या वेळी ताईने काकांना वाचवले होते, आज काकांनी ताईला वाचवले. दोघांकडे अर्धी अर्धी विद्या होती.

आलेखाने दिलेली सूचना

नियमानंतर ताईने आणखी एक गोष्ट सुरू केली. दर पाचवा शाफ्ट थंड करून मोजायचा आणि त्याचे माप आलेखावर टिंबाने मांडायचे. टूल झिजत जाते, तसतसे ते कमी कापते आणि व्यास हळूहळू वाढतो. नुसते आकडे पाहून हे कळत नाही. आलेखावर मात्र टिंबांची रांग चढणीला लागलेली दिसते. ती वरच्या मर्यादेला टेकायच्या आतच माप सुधारायचे किंवा टूल बदलायचे. टिंबे थोडी वरखाली झाली, म्हणून लगेच यंत्राला हात लावायचा नाही. कधी हात लावायचा आणि कधी नाही, हे सांगणारा आलेख अमेरिकेतल्या वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्ये सुचवला. हे शूहार्ट १९४७-४८ मध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेमार्फत आपल्या देशातही येऊन गेले आणि त्यांनी इथल्या उद्योजकांना ही पद्धत समजावून सांगितली.

काय गेले, काय राहिले?

आता खरे ते सांगायला हवे. एक सी.एन.सी. यंत्र अनेक लेथांचे काम करते. नवी यंत्रे आली, तेव्हा काकांच्या सोबतीच्या सगळ्यांना ती शिकता आली असे नाही. कोणाला शिकवायला कोणी नव्हते, कोणाला पाळी बुडवून शिकणे परवडत नव्हते, कोणाला वाटले, आपल्याच्याने आता होणार नाही. काही जणांचे काम गेले. तो सगळा त्यांच्या आळसाचा दोष, असे म्हणणे न्यायाचे नाही. माणसाला शिकण्याची इच्छा हवी, तशीच त्याला शिकण्याची संधीही मिळायला हवी. ती देणे हे कारखान्याचे, शाळांचे आणि सरकारचे काम आहे.

शिक्षणाची ही गरज पुण्याने फार पूर्वी ओळखली होती. १८५४ मध्ये सार्वजनिक बांधकामासाठी माणसे तयार करायला इथे एक वर्ग निघाला. त्याचेच पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय झाले. आणि नव्याने शिकण्याचे धाडस पाहायचे असेल, तर लक्ष्मणराव किर्लोस्करांकडे पाहा. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत ते चित्रकला शिकायला गेले. पण त्यांना काही रंग नीट ओळखता येत नसत, म्हणून चित्रकला सोडावी लागली. ते यंत्रांचे ड्रॉइंग शिकले, मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवू लागले. मग बेळगावला सायकलीचे दुकान, मग कडबा कापायची यंत्रे आणि लोखंडी नांगर, आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी! कामे किती बदलली, पण आकृती पाहून वस्तू डोळ्यांसमोर उभी करण्याची विद्या सगळीकडे कामी आली.

काकांच्या बाबतीतही तसेच झाले. लेथची चाके फिरवणारा हात मागे पडला. पण ड्रॉइंग वाचणे, माप घेणे, मापावर शंका घेणे, आवाज बिघडला की कारण शोधणे, हे सगळे राहिले. आता तर जॉबवरचा ओरखडा शोधणारे कॅमेरे आणि शिकणारे संगणक कारखान्यांत येत आहेत. पण त्या संगणकाला आधी शेकडो चित्रे दाखवून सांगावे लागते, हा ओरखडा आहे आणि हा नुसता तेलाचा डाग आहे. ते कोण सांगणार? ज्याने दोन्ही हात लावून पाहिले आहेत, तोच. यंत्र आकडा देते. तो आकडा खरा मानायचा की नाही, हे ज्याला ठरवता येते, त्याची गरज नव्या यंत्रालाही असते. आणि हे ठरवायला थंड डोके लागते, तसाच गरम शाफ्टवर ठेवलेला हातही लागतो.

करून पाहा

१. एक पेन्सिल घ्या. दहा मित्रांना ती वेगवेगळी मोजायला सांगा. प्रत्येकाने मिलिमीटरचा अर्धा भागही अंदाजाने लिहावा आणि एकमेकांचे उत्तर पाहू नये. सगळी मापे आलेखावर मांडा. सर्वांचे माप एकच येते का? नसेल, तर का?

२. काचेच्या बरणीचे घट्ट बसलेले पत्र्याचे झाकण निघत नसेल, तर ते थोडा वेळ कोमट पाण्यात धरा आणि मग फिरवून पाहा. पाणी उकळते नको, बरणी तडकेल. झाकण सैल का झाले, ते ताईच्या शाफ्टवरून सांगा.

३. एक मीटर लांबीची पोलादी पट्टी आहे. जानेवारीतल्या पहाटे तिचे तापमान १० अंश आहे आणि मे महिन्यातल्या दुपारी ४० अंश. ती किती मिलिमीटरने वाढेल? वर दिलेला गुणांक वापरा. उत्तर अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी आले, तर तुमचा गुणाकार बहुधा बरोबर आहे.

आणि मग शेवटचा प्रश्न स्वतःलाच विचारा. पट्टीच लांब झाली, तर तिने मोजलेल्या वस्तूचे माप खऱ्यापेक्षा जास्त येईल, की कमी? घाईने उत्तर देऊ नका. आधी शाफ्ट थंड होऊ द्या!